लिंकन उद्यानांतील मुक्तिस्मारक

मोठ्या शहराच्या उद्यानांत एखाद्या राष्ट्रपुरुषाचा पुतळा नाहीं असें सहसा होत नाहीं. फिरावयास आलेले वृद्ध त्याच्या सावलींत विसावतात, मुलें चौथऱ्याच्या पायऱ्यांवर खेळतात, आणि जयंतीच्या दिवशीं कोणी हार घालून जातो. परंतु हा पुतळा येथें कसा आला, त्याचा पैसा कोणीं दिला, आणि तो असाच कां घडविला, हे प्रश्न फार थोड्यांच्या मनांत येतात. अक्षरओळख नसलेल्या मनुष्यापुढें उत्तम ग्रंथ उघडून ठेविला तरी त्यास जसा कागद व शाई एवढेंच दिसावें, तशीच आपली बहुतेकांची स्थिति स्मारकांपुढें होते. आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस ही अक्षरओळख थोडी तरी व्हावी, ह्या हेतूनें आम्हीं प्रस्तुत लेखांत एकच स्मारक निवडिलें आहे. तें दूरदेशचें आहे खरें. परंतु त्याच्या इतिहासांत कृतज्ञता आणि स्वाभिमान ह्या दोन गोष्टींचा जो झगडा दिसतो, तो कोणत्याहि देशांतील वाचकांनीं विचार करण्यासारखा आहे.

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांची राजधानी जें वॉशिंग्टन शहर, तेथें कायदेमंडळाच्या कॅपिटॉल नामक इमारतीपासून पूर्वेस सुमारें एक मैलावर लिंकन पार्क नांवाचें उद्यान आहे. त्यांत दगडी चौथऱ्यावर सुमारें १२ फूट उंचीचें ब्राँझचें शिल्प उभें आहे. शिल्पांत दोन आकृति आहेत. पहिली अध्यक्ष अब्राहम लिंकन ह्यांची. ते ताठ उभे असून त्यांच्या उजव्या हातांत गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा आहे, व डावा हात पुढें पसरलेला आहे. त्या हाताखालीं दुसरी आकृति एका कृष्णवर्णीय पुरुषाची आहे. त्याच्या अंगावर कमरेपुरतें वस्त्र असून मनगटांत बेडी आहे. साखळी तुटलेली आहे. एक गुडघा जमिनीस टेकलेला, दुसरा वर उचललेला, मूठ आवळलेली आणि दृष्टि समोर लागलेली आहे. पाठीमागें गुलामांस फटके मारण्यासाठीं रोवीत तसा खांब दाखविला असून त्यावर आतां वेल चढली आहे. चौथऱ्याच्या दर्शनी बाजूवर ‘दास्यमुक्ति’ ह्या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द कोरलेला आहे.

हें चित्र समजण्यासाठीं थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १८६० सालच्या खानेसुमारीप्रमाणें संयुक्त संस्थानांत सुमारें ४० लक्ष माणसें गुलाम होतीं. त्यांची खरेदी-विक्री होत असे, आईपासून मूल व नवऱ्यापासून बायको तोडून विकली जात असे, आणि दक्षिणेंतील बहुतेक संस्थानांत गुलामास लिहावयास-वाचावयास शिकविणें हा कायद्यानें गुन्हा होता. १८६१ सालीं दक्षिणेकडील संस्थानांनीं फुटून निघण्यासाठीं युद्ध आरंभिलें. त्या युद्धाच्या ऐन धुमाळींत, १ जानेवारी १८६३ रोजीं लिंकन ह्यांनीं जाहीरनामा काढिला कीं, बंडखोर प्रदेशांतील सर्व गुलाम आजपासून मुक्त आहेत. जीं गुलामगिरीचीं संस्थानें बंडांत सामील झालीं नव्हतीं, त्यांस हा जाहीरनामा लागू नव्हता. सर्व देशांतून गुलामगिरी नाहींशी झाली ती डिसेंबर १८६५ मध्यें, राज्यघटनेंतील तेराव्या दुरुस्तीनें. तो दिवस पाहण्यास लिंकन हयात नव्हते. १४ एप्रिल १८६५ च्या रात्रीं नाटकगृहांत त्यांच्यावर गोळी झाडण्यांत आली, व दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं देह ठेविला.

ही दुःखाची वार्ता ओहायो संस्थानांतील मॅरिएटा गांवीं शार्लट स्कॉट ह्या बाईंच्या कानीं गेली. ह्या बाई मूळच्या व्हर्जिनियाच्या. जन्म गुलामगिरींत गेलेला. नुकत्याच मुक्त होऊन मोलमजुरी करून राहत होत्या. मुक्त झाल्यावर स्वतःच्या श्रमाचे म्हणून जे पहिले पांच डॉलर त्यांस मिळाले होते, ते त्यांनीं काढून दिले आणि म्हटलें कीं, ह्यांतून लिंकनसाहेबांचें स्मारक व्हावें. ज्या मनुष्याच्या श्रमाचा मोबदला आजवर दुसऱ्याच्या खिशांत जात होता, त्याच्या हातांत आलेले पहिले पांच डॉलर म्हणजे काय, ह्याचा विचार वाचकांनींच करावा. ते पैसे त्यांनीं धान्यासाठीं ठेविले असते, कपड्यासाठीं ठेविले असते, तरी त्यांस कोणीं नांव ठेविलें नसतें.

ह्या पांच डॉलरांची हकीकत वर्तमानपत्रांतून पसरली, आणि वर्गणीचा ओघ सुरू झाला. सेंट लुई शहरांतील ‘वेस्टर्न सॅनिटरी कमिशन’ ह्या संस्थेनें हा पैसा सांभाळण्याचें काम पत्करिलें. युद्धकाळांत जखमी शिपायांची व निराश्रित मुक्त गुलामांची शुश्रूषा करणारी ही संस्था होती. वर्गणींत मोठा भाग कृष्णवर्णीय शिपायांचा होता. उत्तरेच्या सैन्यांत असे सुमारें १ लक्ष ८० हजार शिपाई लढले. त्यांचा पगार गोऱ्या शिपायांइतका नव्हता. गोऱ्या शिपायास दरमहा १३ डॉलर मिळत. ह्यांस १० डॉलर मंजूर होऊन त्यांतून ३ डॉलर कपड्यांसाठीं कापले जात, म्हणजे हातीं ७ डॉलर येत. १८६४ च्या जूनपर्यंत हा भेद कायद्यानें दूर झाला नव्हता. अशा शिपायांनीं आपल्या पगारांतून हें स्मारक उभारिलें. कायदेमंडळानें चौथऱ्यासाठीं ३ हजार डॉलर दिले. परंतु वरचें शिल्प हें सर्वस्वीं मुक्त झालेल्या गुलामांच्या पैशाचें आहे, आणि चौथऱ्यावरील पाटीवर तसें स्पष्ट नमूद असून शार्लट स्कॉट ह्यांचें नांव व त्यांचे पांच डॉलर ह्यांचाहि उल्लेख आहे.

आतां लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळूं. पैसा दिला मुक्त झालेल्यांनीं; पण शिल्प कसें असावें हें ठरविलें कोणीं? तें ठरविलें संस्थेच्या गोऱ्या चालकांनीं. प्रथम हॅरिएट हॉस्मर नामक शिल्पकार स्त्रीनें एक मोठा आराखडा केला होता. त्यांत कृष्णवर्णीय मनुष्याच्या आयुष्याच्या निरनिराळ्या अवस्था होत्या. विक्रीस काढलेल्या गुलामापासून हातीं शस्त्र घेतलेल्या शिपायापर्यंत त्यास क्रमाक्रमानें उभें केलेलें होतें. तो खर्चाच्या दृष्टीनें आटोक्याबाहेरचा ठरला. इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं राहणारे अमेरिकन शिल्पकार टॉमस बॉल ह्यांनीं लिंकन ह्यांच्या मृत्यूनंतर आपण होऊन एक नमुना घडविला होता. तो पसंत करण्यांत आला. मूळ नमुन्यांतील गुलाम हा केवळ मुक्तीची वाट पाहणारा होता. चालकांनीं सुचविलें कीं, त्यानें स्वतःच्या बळानें साखळी तोडण्यास हातभार लावीत असल्याचें दिसावें, आणि त्याचा चेहरा कल्पनेंतला न घेतां खऱ्या मनुष्याचा घ्यावा. त्याप्रमाणें फेरफार झाले, व जर्मनींतील म्यूनिक शहरीं शिल्प ओतण्यांत आलें. फेरफार झाले तरी गुडघा मात्र जमिनीवरच राहिला.

ज्यांचा चेहरा घेतला ते गृहस्थ आर्चर अलेक्झांडर होत. ते मिसुरी संस्थानांत गुलाम होते. युद्ध चालूं असतां त्यांस असें कळलें कीं, बंडखोर पक्षाच्या लोकांनीं एका पुलाच्या तुळया कापून ठेविल्या आहेत. ही बातमी त्यांनीं रात्रीं चालत जाऊन उत्तरेच्या सैन्यास पोंचविली. संशय येतांच जीव वांचविण्यासाठीं त्यांस पळून जावें लागलें. पुढें सेंट लुई येथील धर्मोपदेशक विल्यम ग्रीनलीफ एलियट ह्यांनीं त्यांस आश्रय दिला. हे एलियट त्या संस्थेच्या चालकांपैकींच एक होते, आणि अलेक्झांडर ह्यांचीं छायाचित्रें शिल्पकाराकडे गेलीं तीं त्यांच्यामार्फत. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. मिसुरी संस्थान बंडांत सामील नसल्यामुळें लिंकन ह्यांचा जाहीरनामा तेथें लागूच नव्हता. म्हणजे जाहीरनाम्याखालीं गुडघा टेकलेला म्हणून ज्याचा चेहरा आपणांस दिसतो, तो मनुष्य वस्तुतः त्या जाहीरनाम्यानें सुटला नव्हता. स्वतःच्या पायांनीं चालत, स्वतःचा जीव धोक्यांत घालून तो बाहेर पडला होता.

१४ एप्रिल १८७६ रोजीं, लिंकन ह्यांच्यावर गोळी झाडली गेल्यास अकरा वर्षें पूर्ण झालीं त्या दिवशीं, अनावरणाचा समारंभ झाला. अध्यक्ष युलिसिस ग्रँट, वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश आणि कायदेमंडळाचे सभासद उपस्थित होते. मुख्य भाषण फ्रेडरिक डग्लस ह्यांचें होतें. डग्लस हे मेरीलंड संस्थानांत गुलाम म्हणून जन्मले, चोरून वाचावयास शिकले, १८३८ सालीं पळून उत्तरेस गेले, आणि पुढें त्या काळचे अग्रगण्य वक्ते व पत्रकार झाले. अशा प्रसंगीं वक्ता केवळ स्तुति करील अशीच सर्वांची अपेक्षा असते. डग्लस ह्यांनीं तसें केलें नाहीं.

अध्यक्षांच्या देखत त्यांनीं सांगितलें कीं, लिंकन हे मुख्यतः गोऱ्या लोकांचे अध्यक्ष होते. गोरे लोक हीं त्यांचीं औरस मुलें, आम्ही फार तर सावत्र. राष्ट्राची एकी टिकत असेल तर गुलामगिरी जेथें आहे तेथें तशीच राहूं देण्यास ते आरंभीं तयार होते, हेंहि त्यांनीं लपविलें नाहीं. परंतु एवढ्यावर ते थांबले नाहींत. त्यांचें पुढील म्हणणें असें कीं, गुलामगिरीच्या कट्टर विरोधकांच्या जागीं उभें राहून पाहिलें तर लिंकन मंद, थंड व उदासीन वाटतात. पण ज्या देशाचे ते नेते होते त्या देशाच्या लोकमताच्या मापानें मोजलें तर ते जलद, उत्साही व दृढनिश्चयी होते. म्हणून त्यांचें ऋण आम्ही मानतों. आमच्या मतें उपकारकर्त्याविषयीं कसें बोलावें ह्याचा हा एक वस्तुपाठच आहे. डग्लस ह्यांनीं दोष झांकिले नाहींत, आणि दोष सांगितल्यामुळें त्यांची कृतज्ञता उणीहि झाली नाहीं. उलट ती डोळस असल्यामुळें अधिक वजनदार झाली.

समारंभ संपल्यावर थोड्याच दिवसांत डग्लस ह्यांनीं एका वर्तमानपत्रास पत्र लिहिलें. हें पत्र पुढें विस्मृतींत गेलें, व २०२० सालीं दोन इतिहाससंशोधकांच्या पुन्हां दृष्टीस पडलें. त्यांत ते म्हणतात कीं, हें शिल्प सुंदर असलें तरी तें सगळें सत्य सांगत नाहीं. आणि कोणतेंहि एकच स्मारक कोणत्याहि गोष्टीचें सगळें सत्य सांगूं शकणार नाहीं. साखळी तुटली ती लिंकन ह्यांच्या हातून, तें येथें दिसतें. पण ग्रँट ह्यांच्या काळांत कृष्णवर्णीय मनुष्य मतदानाचा हक्क असलेला नागरिक झाला, तें येथें कोठेंच दिसत नाहीं. मरण्यापूर्वीं आपणांस असें स्मारक पाहावयाचें आहे कीं, ज्यांत कृष्णवर्णीय मनुष्य चतुष्पादासारखा गुडघ्यांवर नसून माणसासारखा आपल्या पायांवर उभा आहे, असें त्यांनीं लिहिलें. आणि ह्याच उद्यानांत दुसऱ्या स्मारकास जागा आहे, हेंहि सुचविलें. शिल्प पाडा असें ते म्हणाले नाहींत. ह्याच्या शेजारीं आणखी एक उभारा, असें म्हणाले.

ती इच्छा त्यांच्या हयातींत पुरी झाली नाहीं. १८९५ सालीं ते वारले. परंतु १० जुलै १९७४ रोजीं त्याच उद्यानांत मेरी मॅक्लिऑड बेथ्यून ह्यांचें स्मारक उभें राहिलें. बेथ्यूनबाईंचा जन्म १८७५ सालीं दक्षिण कॅरोलायना संस्थानांत झाला. आईबाप पूर्वीं गुलाम होते. घरीं अक्षरओळख नव्हती. दूरवर चालत मिशनच्या शाळेंत जाऊन त्या शिकल्या, आणि १९०४ सालीं फ्लॉरिडा संस्थानांतील डेटोना येथें त्यांनीं मुलींची शाळा काढिली. आरंभीं पांच मुली होत्या आणि पदरीं दीड डॉलर होता, असें त्या सांगत. त्या शाळेचें पुढें महाविद्यालय झालें. शिल्पकार रॉबर्ट बर्क्स ह्यांनीं त्यांस काठी टेकून उभ्या असलेल्या वृद्धा अशा रूपांत घडविलें आहे. समोर एक मुलगा व एक मुलगी असून त्यांच्या हातीं त्या आपल्या वारशाची गुंडाळी देत आहेत. त्या शहरांतील सार्वजनिक उद्यानांत एखाद्या कृष्णवर्णीय स्त्रीचें उभारलेलें हें पहिलेंच स्मारक. पूर्वीं लिंकन ह्यांचें शिल्प पश्चिमेस, म्हणजे कॅपिटॉलकडे तोंड करून होतें. बेथ्यूनबाई आल्यावर तें वळवून त्यांच्याकडे तोंड करून बसविण्यांत आलें. दास्यांतून सुटलेल्या आईबापांची मुलगी, हातीं विद्या घेऊन, आतां त्या गुडघा टेकलेल्या मनुष्याच्या दृष्टीसमोर उभी आहे.

तरीहि वाद मिटला नाहीं. २०२० सालच्या मे महिन्यांत मिनियापोलिस शहरीं पोलिसांच्या हातून एका कृष्णवर्णीय नागरिकाचा मृत्यु झाला, व देशभर मोठी चळवळ उसळली. तेव्हां लिंकन उद्यानांत निदर्शनें झालीं. शिल्प काढावें असें कांहींचें म्हणणें होतें, तर तें आमच्या पूर्वजांच्या घामाच्या पैशाचें आहे, म्हणून त्यास हात लावूं नका, असें कांहीं कृष्णवर्णीय नागरिकांनींच बजाविलें. वॉशिंग्टनमधील शिल्प जागेवरच राहिलें. ह्या शिल्पाची एक प्रतिकृति १८७९ पासून बॉस्टन शहरीं होती. ती मात्र तेथील कलासमितीच्या निर्णयानुसार डिसेंबर २०२० मध्यें काढण्यांत आली. ह्या दोन्ही शहरांपैकीं कोणाचें बरोबर, हा निवाडा आम्ही करीत नाहीं. एवढें मात्र म्हणूं कीं, बॉस्टनची प्रतिकृति एका धनिकानें शहरास दिलेली देणगी होती, आणि वॉशिंग्टनचें शिल्प शार्लट स्कॉट ह्यांच्या पांच डॉलरांवर उभें आहे. म्हणून दोहोंची आकृति सारखी असली तरी दोहोंचा इतिहास एक नाहीं.

ह्या सर्व प्रकरणाशीं महाराष्ट्राचा एक खरा धागा जुळलेला आहे. अनावरणाच्या तीन वर्षें आधीं, १८७३ सालीं, पुण्याच्या जोतीराव फुले ह्यांनीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि गुलामांस दास्यांतून सोडविण्यासाठीं ज्यांनीं झीज सोसली त्या अमेरिकेंतील सज्जनांस तें अर्पण केलें. स्वतः फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले होते. त्या अर्पणपत्रिकेंत कृतज्ञता होती, आणि आपल्याहि देशबांधवांनीं शूद्रादिकांस दास्यांतून सोडविण्याच्या कामीं हा कित्ता गिरवावा, अशी आशा होती. ओहायोंतील मोलकरीण आणि पुण्यांतील समाजसुधारक ह्यांनीं एकमेकांचें नांवहि ऐकिलें नसेल. परंतु एकाच घटनेचें ऋण दोघांनींहि, आपापल्या परीनें, फेडण्याचा प्रयत्न केला.

विद्यार्थ्यांनीं आतां एवढें करावें. कोणत्याहि पुतळ्यापुढें उभें राहिलें असतां चार प्रश्न मनाशीं विचारावे. हा कोणाचा, हा पहिला प्रश्न. त्याचें उत्तर सर्वांस ठाऊक असतें. ह्याचा पैसा कोणीं दिला, हा दुसरा. ह्याचें रूप कोणीं ठरविलें, हा तिसरा. आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नांचीं उत्तरें निराळीं निघालीं तर तेथें थोडें थांबून विचार करावा. ह्यांत कोणास वगळलें आहे, किंवा कोणास वांकविलें आहे, हा चवथा. असे प्रश्न विचारणें म्हणजे थोर पुरुषाचा अनादर नव्हे. डग्लस ह्यांनीं ते प्रश्न राष्ट्राध्यक्षांच्या समोर विचारिले व लिंकन ह्यांचें ऋणहि मान्य केलें. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, मुलांनीं असें कांहीं विचारिलें तर त्यांस उगें राहण्यास सांगूं नये.

सुटींत ज्यांस आपल्या गांवच्या किंवा शहराच्या बागेंत जाण्याचा योग येईल, त्यांनीं तेथील पुतळ्याच्या चौथऱ्यावरील बारीक अक्षरें वाचून यावीं. वर्गणीदारांत कोणा मोलकरणीचें, हमालाचें किंवा शिपायाचें नांव आढळल्यास तें वहींत उतरून घ्यावें, आणि न आढळल्यास तें कां नाहीं, हें घरांतील वडील मंडळींस विचारावें.